संस्कृती : एक शब्द आणि त्याचे बदलते माप

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



आपल्या ट्रस्टच्या स्थापनेस पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याच्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल विश्वस्त मंडळाचा मी ऋणी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. ज्या शास्त्राविषयी आज बोलणार आहे ते मानववंशशास्त्र माझे नव्हे. माझी पुतणी पुण्यास तो विषय शिकत असता सुट्टीत तिची पुस्तके घरी येत. दुपारी बाजार थंडावला की ती चाळण्याची मला सवय लागली, आणि हळूहळू त्या वाचनात गोडी निर्माण झाली. अधिकारी व्यक्ती म्हणून नव्हे, तर एक जिज्ञासू वाचक म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे, एवढे ध्यानी असू द्यावे.

विषय निवडण्याचे कारण मात्र घरचेच आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘संस्कृती दालन’ उभारण्याचा संकल्प ट्रस्टने केला आहे. जुन्या पोथ्या, पूजेची भांडी, चोपड्या, लग्नातील वस्त्रे, छायाचित्रे जमा करण्याचे आवाहन झाले आहे. संकल्प स्तुत्य आहे. परंतु दालनात काय ठेवावे व कसे ठेवावे, हे ठरविण्यापूर्वी संस्कृती म्हणजे काय, या प्रश्नाला सामोरे जावे लागते. हा प्रश्न ज्या शास्त्राने सव्वाशे-दीडशे वर्षे सातत्याने विचारला, त्याने आपले उत्तर अनेकदा बदलले. का बदलले, हे पाहिले तर आपले काम सोपे होईल, असा माझा विश्वास आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. इंग्रजीतील ‘कल्चर’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा मूळ अर्थ जमिनीची मशागत. बंगालीत त्यासाठी ‘कृष्टि’ असा शब्द रूढ होऊ पाहत होता. त्यातही नांगरटच आहे. रवींद्रनाथांना तो रुचत नव्हता. थोर भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी लिहून ठेवले आहे की, १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राच्या तोंडून त्यांनी ‘संस्कृती’ हा शब्द ऐकला, आणि पुढे रवींद्रनाथांनी तो पसंत केला. आज भारतीय भाषांत सर्रास वापरला जाणारा हा शब्द या अर्थाने मराठी माणसाकडून बंगालीत गेला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. परंतु शब्द बदलला तसा अर्थाचा रोखही किंचित बदलला. मशागत प्रत्येक शेतात होते. काळ्या कसदार रानात होते आणि बरड जमिनीतही होते. संस्कार मात्र काहींवर झाला, काहींवर नाही, असे आपण सहज म्हणतो. ‘सुसंस्कृत’ म्हणताच ‘असंस्कृत’ कोणीतरी उरतोच. पुढील सगळा वाद या एका गाठीत आहे.

शिडीचा काळ

१८७१ साली एडवर्ड टायलर या इंग्रज विद्वानाने ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो ते सर्व मिळून संस्कृती, अशी व्यापक व्याख्या त्याने दिली. ही व्याख्या उदार होती. ज्ञान आणि कला केवळ दरबारात वा विद्यापीठात नसून झोपडीतही असतात, हे तिने मान्य केले. पण टायलरने त्याच वेळी एक शिडी उभी केली. खालच्या पायरीवर रानटी, मधल्या पायरीवर अर्धरानटी आणि वरच्या पायरीवर सुसंस्कृत. सर्व मानवजात एकाच शिडीने चढते आहे. कोणी पुढे, कोणी मागे. सर्वांत वर कोण, हे सांगणे नलगे. शिडी ज्यांनी तयार केली तेच.

योगायोग असा की, त्याच १८७१ साली हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम उत्तर भारतास लागू होता. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढली. कित्येक भटक्या जमातींचे मूल जन्मतःच गुन्हेगार ठरले. हा कलंक १९५२ साली पुसला गेला व ‘विमुक्त’ हा शब्द आला. ग्रंथामुळे कायदा झाला, असे मी म्हणत नाही. परंतु माणसांचे समूह पायऱ्यांवर मांडता येतात व त्या मांडणीवरून त्यांचे भवितव्य ठरविता येते, ही त्या काळाची हवा होती.

ही हवा आपल्या जिल्ह्यातही पोहोचली. १९१६ साली रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वणी भागातील कोलामांची नोंद आहे, बंजाऱ्यांची आहे, वाणी समाजाची आहे आणि जैन धर्माचीही आहे. मोठ्या परिश्रमाचे काम आहे, आजही ते वाचले जाते. पुढे याच रायबहादुर हिरालाल यांनी १९२६ साली मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची सिद्ध केली. त्यात शेजारच्या कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांतील पोथ्यांची नोंद झाली आणि विद्वज्जगाचे लक्ष तिकडे वळले. त्यांचे हे उपकार आपला समाज विसरू शकत नाही.

आता हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहावे. माणूस एक, प्रदेश एक. परंतु कोलामांच्या वाट्याला ‘चालीरीती’ आल्या आणि आपल्या वाट्याला ‘वाङ्मय’ आले. ज्याच्याकडे पोथी, त्याच्याकडे संस्कृती. ज्याच्याकडे पोथी नाही, त्याच्याकडे केवळ रूढी. ग्रंथकर्त्याचा यात काही आकस नव्हता. कपाटाचे खणच तसे पाडलेले होते. आजही आपल्या बोलण्यात हे दोन खण शाबूत आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

आणि त्या शिडीवर आपण तरी वर होतो का? १९१५ साली गुजरातेत काम करणाऱ्या सिंक्लेअर स्टीव्हन्सन या मिशनरी बाईंचा ‘द हार्ट ऑफ जैनिझम’ हा ग्रंथ निघाला. त्यांनी आपले आचार, व्रते, तत्त्वज्ञान कष्टाने टिपले. शेवटच्या प्रकरणात मात्र निष्कर्ष काढला की, क्षमा करणारा ईश्वर ज्यात नाही अशा या धर्माचे हृदय रिकामे आहे. आपल्या गजाने दुसऱ्याचे ठाण मोजले की ते आखूडच भरते. जो गज आपणांस लागला तेव्हा बोचला, तोच आपण शेजाऱ्यास लावू नये, एवढा बोध यातून घेण्यासारखा आहे.

अनेक मापे

या शिडीला पहिला मोठा धक्का दिला फ्रान्झ बोआस यांनी. जर्मनीत जन्मलेले, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले हे विद्वान १८८३-८४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळील बॅफिन बेटावर एस्किमो लोकांत राहून आले. त्या बर्फात कोण शहाणा आणि कोण अडाणी, हे बर्लिनच्या मापाने ठरत नाही, हे त्यांनी अनुभवले. १८८७ साली संग्रहालयाच्या मांडणीवरून त्यांनी एक वाद उपस्थित केला, तो आपल्या दालनाच्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. त्या काळी संग्रहालयात सर्व देशांची धनुष्ये एका कपाटात, सर्व मडकी दुसऱ्या कपाटात, ओबडधोबड ते सुबक अशा क्रमाने मांडीत. बोआस म्हणाले, अशाने काहीच कळत नाही. एका समाजाच्या सगळ्या वस्तू एकत्र ठेवा. मग मडक्याचा उपयोग, त्यामागील समजूत आणि ते घडविणारे हात यांचा संबंध उलगडेल. तेव्हापासून ‘संस्कृती’ हा शब्द अनेकवचनी झाला. शिडी गेली आणि प्रत्येक समाजाचे स्वतंत्र माप आले.

आपल्या महाराष्ट्रकन्या डॉ. इरावती कर्वे यांचे या संदर्भात स्मरण करणे उचित ठरेल. १९२७ ते १९३० या काळात त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी असावा, अशी गुरूंची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा व त्या फरकाचा असा संबंध आढळत नाही, असे निर्भयपणे मांडले. ज्यांच्या सहीवर आपली पदवी अवलंबून, त्यांच्या धारणेविरुद्ध आकडे ठेवणे सोपे नव्हते. फिशर यांच्या विचारांचा पुढे नाझी राजवटीने जो उपयोग केला, तो इतिहास सर्वश्रुत आहे. १९३९ पासून इरावतीबाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केले. ‘मराठी लोकांची संस्कृती’ हे त्यांचे पुस्तक १९५१ चे. कवटीपासून सुरू झालेला त्यांचा अभ्यास नातेसंबंध, जाती, वारी आणि महाभारतापर्यंत गेला. एका आयुष्यात एका शास्त्राने किती अंतर कापले, याचे हे उत्तम उदाहरण.

पेटीत बंद संस्कृती

परंतु अनेक मापांच्या या विचारातून नवी अडचण निर्माण झाली. प्रत्येक संस्कृती स्वयंपूर्ण आहे, असे म्हणता म्हणता ती पेटीत बंद झाली. १९५२ साली क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकन विद्वानांनी संस्कृतीच्या व्याख्या गोळा केल्या. त्या १६४ भरल्या! व्याख्या कितीही असोत, प्रत्येक पेटीला कडीकुलूप असते, ही समजूत सर्वत्र होती.

आपल्याकडे हा वाद आदिवासींच्या प्रश्नावर पेटला. मध्य प्रांतातच राहणारे व्हेरियर एल्विन यांनी १९३९ साली बैगा जमातीवरील ग्रंथात सुचविले की, या लोकांसाठी एक प्रकारचे राखीव क्षेत्र असावे, जेथे बाहेरचा सावकार, ठेकेदार, धर्मप्रचारक त्यांना त्रास देणार नाही. मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली त्यास कडाडून विरोध केला. ही मंडळी वेगळी नाहीत, ते मागासलेले हिंदूच आहेत आणि त्यांनी मुख्य समाजात मिसळले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन. एल्विन यांची तळमळ खरी होती. त्यांनी स्वतः पुढे आपले मत मवाळ केले. परंतु टिपेश्वरच्या अभयारण्यात जसे आपण वन्यजीव राखतो, तशी माणसे राखता येत नाहीत. आणि घुर्ये यांच्या उत्तरातही, मिसळायचे की नाही हे ज्यांना विचारायला हवे, त्यांचा आवाज कोठे आहे?

पेट्यांचा हिशेब जुळत नाही याचे पुरावे आपल्या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. कोलाम समाज घ्या. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या भागांत त्यांचे पोड आहेत. त्यांची कोलामी भाषा द्राविडी कुळातील असून तिचे सविस्तर व्याकरण अमेरिकेतील भाषापंडित एमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले. सरकारने १९७५ साली ज्या जमातींना ‘आदिम’ म्हणून वेगळे काढले, त्यांत महाराष्ट्रातील कोलाम, कातकरी व माडिया गोंड या तीन आल्या. टायलरची शिडी अशी एका शतकानंतरही सरकारी कागदावर उभी होती. हे नाव २००६ मध्ये बदलून ‘विशेष असुरक्षित’ असे झाले. आता गंमत पाहा. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागातील गोंडांचा अभ्यास करणाऱ्या फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांनी नोंदविले आहे की, तेथील गोंड लोक स्थानिक देवतांच्या पूजेसाठी कोलामांना पुजारी मानतात. शिडीवर ज्यांना तळाशी बसविले, त्यांच्याकडे पूजेचा मान! शिडी कोणी बनविली, यावर पायरी ठरते.

दुसरे उदाहरण बंजारा समाजाचे. गहुलीच्या मातीतून वसंतराव नाईक यांच्यासारखा मुख्यमंत्री या समाजाने राज्यास दिला. १९६३ ते १९७५ असा प्रदीर्घ काळ त्यांनी कारभार केला. हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणात लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींच्या यादीत. बोली तीच, सोयरीक तीच. नदीच्या दोन काठांवर दोन पेट्या.

कापडाच्या दुकानातून जे दिसते तेही सांगतो. बंजारा भगिनींचा फेटिया आणि कांचळी पाहून पाहुणे म्हणतात, काय ही प्राचीन, अस्सल संस्कृती! अस्सल आहेच. पण त्या फेटियाचे कापड कोठले? गिरणीचे. आरसे, कवड्या, रंगीत दोरे बाजारातले. आमच्या वडिलांच्या वेळेपासून त्या भगिनी दुकानात येऊन ताका उलगडायला लावीत, रंग पक्का आहे का म्हणून कोपरा ओला करून चोळून पाहत, आणि मगच माप घेऊ देत. कापड आमचे, त्याचा फेटिया करण्याची कला, रंगांची जोड, कोणत्या प्रसंगी काय ल्यावे याचे ज्ञान त्यांचे. आज त्यांच्या लेकी पाचवारी साडी आणि पंजाबी ड्रेस मागतात, तेव्हा कोणी हळहळतो, ‘संस्कृती बुडाली.’ मग आपल्या घरांतून नऊवारी लुगडे व घागरा-ओढणी केव्हाच गेली, तेव्हा आपली संस्कृती बुडाली होती काय? आपण त्याला प्रगती म्हटले. स्वतःच्या बदलाला प्रगती आणि दुसऱ्याच्या बदलाला ऱ्हास म्हणणे हा खोटा गज आहे. आपल्यातील कित्येक कुटुंबांचे पूर्वज मारवाडातून, गुजरातेतून आले. काही शतकानुशतके येथीलच आहेत. आज सर्वांच्या घरी ज्वारीची भाकरी आहे आणि व्यवहाराची भाषा मराठी आहे. अनथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या संस्थेने १९८५ साली के. सुरेश सिंग यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी पाहणी हाती घेतली व ४,६३५ समाजांची नोंद केली. त्यातील बहुतेक समाज आपण कोठून तरी येथे आलो, असेच सांगतात. पेटीला कुलूप कधी नव्हतेच.

अर्थाचा शोध

१९७३ साली क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन विद्वानाने प्रश्नाचा रोखच बदलला. त्यांनी तत्त्वज्ञ राइल यांचा एक साधा दाखला घेतला. एका मुलाचा डोळा लवतो आणि दुसरा मुलगा मित्राला डोळा मारतो. छायाचित्र काढले तर दोन्ही सारखेच. फरक कोठे आहे? अर्थात आहे. तो अर्थ एकट्या मुलाच्या डोक्यात नसतो. दोघांना ठाऊक असलेल्या संकेतात असतो. संस्कृतीच्या अभ्यासकाने वस्तू व चाली मोजण्यापेक्षा हा अर्थ समजून घ्यावा, असे गीर्ट्झ यांचे सांगणे.

आपल्या ओळखीचे उदाहरण देतो. बाजार समितीच्या आवारात कापसाचा लिलाव होतो आणि मंदिरात प्रथम अभिषेकाची बोली होते. परका माणूस पाहील तर दोन्हीकडे आकडे चढत आहेत, दोन्हीकडे हातोडा पडतो आहे, असेच त्यास वाटेल. परंतु बाजारात बोलणारा काहीतरी घरी नेण्यासाठी बोलतो, मंदिरात बोलणारा सोडण्यासाठी बोलतो. हा अर्थ लक्षात घेतल्याशिवाय बोलीचे वर्णन पूर्ण होत नाही. त्याचबरोबर हेही खरे की, बोलीमुळे सामान्य स्थितीतील श्रावकास तो मान कधीच मिळत नाही, अशी तक्रार आपल्याच तरुणांत आहे. म्हणजे एकाच बोलीत त्याग आहे, प्रतिष्ठा आहे आणि खंतही आहे. तीनही अर्थ खरे आहेत.

याच दृष्टीने आपल्या समाजाचे अभ्यास झाले. डॉ. विलास आदिनाथ संगवे हे घुर्ये यांचे विद्यार्थी, पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा जैन समाजाच्या सामाजिक पाहणीचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. सिद्धांतापलीकडे जाऊन पोटजाती, विवाह, चालीरीती असा जिवंत समाज त्यांनी प्रथमच एवढ्या विस्ताराने मांडला. पुढे १९९५ मध्ये जेम्स लेडलॉ यांनी जयपूरच्या जैन व्यापाऱ्यांवर ग्रंथ लिहिला. संपत्ती मिळविणारा माणूस अपरिग्रहाचा आदर्श कसा बाळगतो, हा त्यांचा प्रश्न. १९९६ मध्ये लॉरेन्स बॅब यांनी विचारले, जे वीतराग आहेत, काही देत नाहीत व घेत नाहीत, त्यांची पूजा करणे म्हणजे काय? स्टीव्हन्सनबाईंनी जेथे पोकळी पाहिली, नेमके तेथेच ऐंशी वर्षांनी या अभ्यासकांना विचाराची समृद्धी दिसली. धर्म तोच होता. पाहण्याची रीत बदलली होती.

कोण लिहितो, कोणासाठी?

१९८६ पासून या शास्त्राने आरसा स्वतःकडे वळविला. त्या वर्षी ‘रायटिंग कल्चर’ या नावाचा निबंधसंग्रह निघाला आणि त्यात विचारले गेले की, दुसऱ्याच्या संस्कृतीविषयी लिहिण्याचा अधिकार कोणास? लिहिणारा कोणाच्या ओसरीवर बसला? माहिती पुरुषांनी दिली की स्त्रियांनी? १९९१ साली लैला अबू-लुघोद या विदुषींनी तर ‘संस्कृती’ या शब्दाविषयीच सावध केले. ‘ते लोक असेच असतात’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्यातील मतभेद, इच्छा आणि भांडणे पुसून टाकतो, असे त्यांचे म्हणणे. पोडावरचे सगळे कोलाम एकाच विचाराचे नसतात, जसे आपण सगळे नाही. आपल्या सर्वसाधारण सभेचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही!

येथे एक शंका स्वाभाविक आहे. प्रत्येकाचे माप वेगळे आणि अर्थ वेगळे, तर मग चूक-बरोबर काही उरतच नाही काय? हा पेच या शास्त्रालाही पडला. १९४७ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असता अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने असा जाहीरनामा सर्व संस्कृतींना कसा लागू होईल, अशी शंका लेखी नोंदविली. पुढे १९९९ मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने ठराव केला. मधल्या पन्नास वर्षांत तिला उमगले की, संस्कृतीच्या नावाने बोलणारे अनेकदा त्या संस्कृतीतील बलवान असतात. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्द यावा, हा आग्रह आपल्या हंसाबेन मेहता यांचा होता. तेव्हा समतेचा विचार केवळ परक्यांचा, असे म्हणता येत नाही. आपल्या राज्यानेही सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला व तो २०१७ पासून अमलात आला. जातपंचायतीने वाळीत टाकणे ही रूढी असेलही. रूढी आहे म्हणून ती क्षम्य ठरत नाही.

अनेकान्ताचा वारसा असलेल्या आपल्या समाजास हे समजणे कठीण जाऊ नये. अनेकान्त म्हणजे सर्वच बरोबर, असा सोयीचा अर्थ कोणी करतात. वस्तूला अनेक अंगे आहेत आणि प्रत्येक विधान एका नयाने केलेले असते, एवढेच तो सांगतो. वस्तू नाहीच, असे तो सांगत नाही. आणि अहिंसेला तो पर्याय देत नाही. व्यापारात गज जाऊन सर्वत्र मीटर आला, ते योग्यच झाले. कापडाला एकच माप हवे. माणसांच्या जगण्याला एकच माप लावता येत नाही, परंतु कोणाला दुखवू नये ही मर्यादा सर्वांना सारखी आहे.

आपले दालन

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो. दीडशे वर्षांच्या या वाटचालीतून मला जे उमगले ते असे : संस्कृती ही कोणाकडे जास्त व कोणाकडे कमी असलेली ठेव नव्हे. माणसे एकमेकांसोबत राहताना जे घडवितात, ज्याविषयी भांडतात, जे बदलून पुढच्या पिढीच्या हाती देतात, ती संस्कृती. हे मान्य असेल तर दालनासंबंधी तीन नम्र सूचना विश्वस्त मंडळाने विचारात घ्याव्यात.

पहिली सूचना. वस्तूंसोबत माणसांचे बोलणे जतन व्हावे. चांदीचा कलश कपाटात ठेवला तर तो केवळ चांदी. तो कोणत्या घरातून आला, कोणत्या वर्षी, तो घासणाऱ्या सुनेला त्याविषयी काय वाटे, हे तिच्याच शब्दांत नोंदविले तर ती संस्कृती. आपल्या समाजातील ऐंशी-नव्वदीच्या आजींचे अनुभव ध्वनिमुद्रित करण्याचे काम याच वर्षी सुरू व्हावे. पोथ्या आणखी शंभर वर्षे टिकतील; आजी थांबणार नाहीत. आतापर्यंतच्या आपल्या स्मरणिकांत देणगीदारांची नावे आली, पण पन्नास वर्षे पर्वकाळात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या हातांची नावे आली नाहीत.

दुसरी सूचना. मतभेद झाकू नयेत. बोलीविषयी, विवाहातील खर्चाविषयी, पोटजातींबाहेरील सोयरिकीविषयी या पन्नास वर्षांत जे वाद झाले, ते दोन्ही बाजूंनी मांडले जावेत. पुण्या-मुंबईस व परदेशी गेलेली आपली मुले दालन पाहतील तेव्हा त्यांना गुळगुळीत चित्र नको आहे. आपल्या आजोबांनाही प्रश्न पडत होते, हे कळले तर ती आपल्याशी बोलतील. मला त्यांची अनुपस्थिती खुपते आणि ती केवळ आवाहनाने भरून निघणार नाही.

तिसरी सूचना काहींना अप्रस्तुत वाटेल. दालनात एक कोपरा शेजाऱ्यांचा असावा. ‘आपल्या दालनात टोपल्यांचे काय काम?’ असे एका ज्येष्ठांनी मला विचारले. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून उत्तर देतो. आपल्या घरांतील धान्य ज्या बांबूच्या टोपल्यांत व सुपांत पाखडले गेले, त्या कोलाम हातांनी विणलेल्या होत्या. आपल्या खतावण्यांतील नावे बंजारा, गोंड, कुणबी, मुसलमान, बौद्ध अशा सर्वांची आहेत. ती नावे वगळून आपला इतिहास लिहिला, तर जमेची बाजू फाडलेली चोपडी उरेल. मात्र त्या कोपऱ्यात काय लिहावे हे आपण ठरवू नये. त्यांना सन्मानाने बोलवावे, आपल्याविषयी त्यांना काय वाटते हेही विचारावे. त्यात उधारीच्या व्याजाची आठवण निघाली, तर ती ऐकण्याची तयारी ठेवावी. क्षमापनेचा दिवस पाळणाऱ्या समाजाला ऐकणे जड जाऊ नये.

या शास्त्राला शिडी मोडायला कित्येक दशके लागली. आपल्याकडे दालनाचे कपाट अजून सुताराकडे आहे. खण कसे पाडायचे, हे ठरविण्यास अद्याप वेळ आहे.